मकासऱ्यांचा आठवडा

माउलीची मूर्ती चुकीच्या घरी नेऊन ठेवली ती मी. काचेची पेटी मांडीवर धरून सायकलरिक्षातून गाझियाबादच्या त्या नव्या वसाहतीत शिरलो, तेव्हा मला एवढंच सांगितलेलं होतं : बी-ब्लॉक, तिसरा मजला, फ्लॅट बारा, आणि घर मराठी माणसाचं. आता त्या वसाहतीत सेक्टर चार होता आणि त्याला खेटून सेक्टर चार-ए होता. दोन्हीकडे बी-ब्लॉक, दोन्हीकडे तिसरे मजले, आणि बिल्डरनं दोन्हीकडे एकाच डब्यातला पिस्ता रंग फासलेला. मी बेल दाबली. दार उघडून एक बाई म्हणाल्या, "या, कोण हवंय?" गाझियाबादेत 'हां जी, बोलो' सोडून कुणी 'या' म्हटलं, की कुठला मराठी माणूस पाटीवरचं नाव वाचत उभा राहील? मी पेटी त्यांच्या हातात दिली. "ताई, आठवडाभर ठेवा, रोज संध्याकाळी प्रार्थना करा, पुढच्या शनिवारी न्यायला येतील," असं पढवल्यासारखं सांगितलं, तांब्याभर पाणी प्यायलो आणि पानिपतची बस पकडली. तिथल्या एका चादरींच्या कारखान्यात मला नोकरीसाठी भेटायला बोलावलं होतं. नोकरी मिळाली नाही. पण त्या दिवशी मी हद्दीबाहेर असल्यामुळं पुढचं सगळं निस्तरण्याचा मान तात्याराव मकासऱ्यांना मिळाला. गोष्ट त्यांचीच आहे, तेव्हा मी आता बाजूला होतो.

तात्याराव मूळचे राहुरी तालुक्यातले, आणि आजोबांच्या वेळेपासून कॅथलिक. बाप्तिस्म्याला जर्मन फादरनं त्यांचं नाव अलॉयसियस ठेवलं होतं. आजीनं ते दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जीभ चावली, आणि त्या दिवसापासून पोराला तात्या म्हणायला लागली. शाळेत मास्तरांनी त्याला 'राव' जोडला. ते नाव घेऊन तात्याराव दिल्लीला सरकारी पाण्याच्या खात्यात नकाशे काढायला आले. मुनिरक्यात दीड खोलीत संसार केला. मग देशात उदारीकरण आलं आणि ज्या बँका पूर्वी दारात उभं करत नव्हत्या, त्या कर्ज घ्या कर्ज घ्या म्हणून मागं लागल्या. तात्यारावांनी घेतलं, आणि यमुना ओलांडून गाझियाबादेत दोन खोल्या, किचन आणि एक बाल्कनी यांचे मालक झाले. ऑफिसात दिवसभर धरणांचे नकाशे काढायचे आणि सकाळी टँकरपुढं बादली घेऊन उभं राहायचं, असं त्यांचं पाण्याशी दुहेरी नातं होतं.

वसाहतीत केबल होतं, ब्यूटी पार्लर होतं, दोन एसटीडी बूथ होते. चर्च तेवढं नव्हतं. जागा मिळणार होती, कागद वर गेले होते, आणि तोवर रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. स्नेहसंमेलनाचा जंगलाचा पडदा काही कुणी उतरवला नव्हता. त्यामुळं फादर लिओ उपदेश करायला उभे राहिले, की त्यांच्या खांद्यावरून एक रंगवलेला सिंह भाविकांकडं बघायचा.

तात्याराव रविवारी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचायचे. सतरंज्या झटकायचे, खुर्च्या लावायचे, पंखे चालू करायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गावाकडं त्यांचे वडीलही हेच करत. याचा परिणाम भलताच झाला. सतरंज्या घालणारा माणूस, त्यात नाव तात्याराव. धर्मग्रामाच्या, म्हणजे तिथल्या कॅथलिक समाजाच्या, मंडळाचे सेक्रेटरी वर्गीस साहेब त्यांना सुरुवातीचे कित्येक महिने शाळेचा शिपाई समजत होते. एका रविवारी तात्याराव ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे दिसले तेव्हा वर्गीस साहेब लगबगीनं वेदीपाशी गेले आणि फादरांच्या कानात म्हणाले, "फादर, चपरासी लाइन में लगा है!"

वर्गीस साहेब कोट्टायमकडचे, निवृत्त ऑडिटर. गैरसमज दूर झाल्यावर त्यांनी तात्यारावांची रीतसर चौकशी केली.

"आपके परिवार का बपतिस्मा कब हुआ?"

"दादाजी के टाइम में."

"कौन सी सेंचुरी?"

"यही वाली," तात्याराव म्हणाले.

वर्गीस साहेबांनी समजुतीनं मान हलवली. "हमारा सन बावन. उन्नीस सौ बावन नहीं, सिर्फ़ बावन. सेंट थॉमस ने खुद किया."

तात्यारावांना राग येत नसे. पण तेव्हापासून त्यांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती, ती म्हणजे माउलीचा आठवडा.

त्या धर्मग्रामात फातिमा माउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची, हातभर उंचीची मूर्ती होती, काचेच्या पेटीतली, कुलूपबंद. ती वर्षभर घरोघरी फिरायची. दर शनिवारी एका घरातून निघायची आणि दुसऱ्या घरी जायची. ज्यांच्याकडं येणार ते कुटुंब दारात मेणबत्ती पेटवून वाट बघायचं. आणायला जायचं नाही, आधीच्यांनीच पोचती करायची, अशी रीत. पहिल्या संध्याकाळी फादरांसकट सगळे त्या घरी जमायचे. यजमानानं आपल्या भाषेत जपमाळेची प्रार्थना पुढं म्हणायची, मग चहा आणि खाणं.

आता जपमाळेत 'नमो मारिये' ही प्रार्थना पन्नास वेळा येते. अर्धी पुढच्यानं म्हणायची आणि उरलेली अर्धी जमलेल्यांनी. मल्याळी घरात ती उरलेली अर्धी अशी उठायची, की खालच्या मजल्यावरचे पंजाबी लोक बाल्कनीत येऊन वर बघायचे. गोव्याच्या फर्नांडिसांकडं गिटारही असायचं. आणि मकासऱ्यांकडं? अख्ख्या धर्मग्रामात मराठी घर त्यांचं एकच. उत्तर द्यायला बायको साधना, जिचा आवाज शेजारच्या खोलीत पोचायचा नाही, आणि मुलगी इशिता, जी दिल्लीत वाढल्यामुळं आईला विचारायची, "मम्मी, ये 'उदरी' क्या होता है?"

वर्गीस साहेबांनी तर आधीच सल्ला देऊन ठेवला होता. "मकासरे, हिंदी में कर लो. मराठी में जवाब कौन देगा? दीवार?"

"दीवार भी दे देगी साहब, आप आइए तो," तात्याराव म्हणाले खरे, पण रात्री जेवताना त्यांनी साधनाताईंना विचारलं, "तू जरा मोठ्यानं म्हणशील का गं?"

"मोठ्यानं म्हणजे? देवाला कमी ऐकू येतं का?"

"देवाला नाही. वर्गीसला."

दोन वर्षं त्यांचा नंबर लागता लागता राहिला. कधी कुणाचं बाळंतपण, कधी कुणाचा गृहप्रवेश. अखेर सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरातला पहिला शनिवार मकासऱ्यांचा, असं ठरलं. आधीचा आठवडा वर्गीस साहेबांचा होता, पण नेमकी त्या दिवशी त्यांची मारुती गॅरेजात होती, म्हणून मूर्ती पोचवायला कुणीतरी हवं होतं, आणि मुनिरक्यात तात्यारावांच्या जुन्या खोलीत राहणाऱ्या, त्यांचं नवं घर कधीही न पाहिलेल्या एका विद्वानाची त्यासाठी निवड झाली. त्या विद्वानाबद्दल वर सांगितलंच आहे.

शनिवारी तात्याराव सकाळपासून जिन्याच्या तोंडाशी मेणबत्ती घेऊन उभे. नवा बुशशर्ट, भांग पाडलेला. वरून कुणी उतरलं, की बाजूला सरकायचे. दुपार झाली. मेणबत्ती विझली, दुसरी लावली, तीही खाली आली.

साधनाताई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, आत या. आता काय बोट पेटवणार आहात?"

"येईलच गं. रिक्षा पंक्चर झाली असेल."

"मग माउलीनं काय, मागून ढकलत आणायची का रिक्षा? जाऊन बघा."

तात्याराव स्कूटरवरून वर्गीस साहेबांकडं गेले. साहेब दुपारची झोप काढून नुकतेच उठले होते.

"मूर्ति? वो तो सुबह ही गई. आपका लड़का ले गया."

"पोचली नाही, साहेब."

वर्गीस साहेबांचा चेहरा एकदम ऑडिटरचा झाला. "नहीं पहुँची मतलब? मेरे घर से निकली, आपके घर नहीं पहुँची. तो बीच में कहाँ है?" मग ते पोलिसांत जायचं म्हणाले, बिशपांना फोन करायचं म्हणाले, आणि शेवटी स्वतःशीच म्हणाले, "मैंने मीटिंग में बोला था, थोड़ा और देख लो."

काय देखायचं होतं ते तात्यारावांनी विचारलं नाही. ते रिक्षास्टँडवर गेले. तिथं एका रिक्षावाल्यानं तंबाखू मळता मळता सांगितलं, "शीशे वाली माताजी? छोड़ के आए हैं. चार-ए, बी-ब्लॉक. लड़का बहुत खुस था."

चार-एच्या तिसऱ्या मजल्यावर दारात रांगोळी होती, झेंडूचं तोरण होतं आणि उदबत्तीचा वास जिन्यापर्यंत आला होता. पाटीवर 'टिपणीस' असं देवनागरीत लिहिलेलं. तात्यारावांनी पाटी दोनदा वाचली आणि बेल दाबली. घट बसून तिसरा दिवस होता.

दार सुनीती टिपणिसांनी उघडलं. मुंबईच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळं दिल्लीत आलेल्या, हसतमुख बाई.

"नमस्कार वहिनी. मी मकासरे, पलीकडच्या सेक्टरमधला. आमची एक मूर्ती चुकून..."

"अय्या, तुम्ही दर्शनाला आलात! या ना! चपला तिथं काढा."

आत गेल्यावर तात्यारावांनी पाहिलं, आणि ते बघतच राहिले. एका पाटावर घट, त्यात कोवळे अंकुर, वर झेंडूची माळ, शेजारी अखंड दिवा. आणि त्याच्या बाजूला दुसऱ्या पाटावर, काठापदराचा खण पुढ्यात, नारळ, तांदूळ, केळी, अशी ओटी भरलेली फातिमा माउली. पेटीला कुलूप असल्यामुळं सुनीतीबाईंनी कुंकू काचेवरच लावलं होतं, नेमकं कपाळासमोर. समोरून पाहिलं तर माउली कुंकू लावून बसल्यासारखी दिसत होती. जरा डावीकडं सरकलं, की कुंकू तिच्या खांद्यावर जायचं.

"वहिनी," तात्याराव घसा खाकरून म्हणाले, "ही माउली आमच्याकडं यायची होती."

"असं कसं? मुलगा स्वतः येऊन देऊन गेला. म्हणाला, आठवडाभर ठेवा, रोज संध्याकाळी प्रार्थना करा, शनिवारी नेऊ. आणि दसरा शनिवारीच! आता तुम्हीच सांगा."

तात्यारावांनी मनातल्या मनात त्या मुलाला राहुरीच्या बाजारातल्या चार शिव्या दिल्या.

"मी वांद्र्याची हो," सुनीतीबाई सांगू लागल्या. "लहानपणापासून मोत माउलीची जत्रा चुकवली नाही. दिल्लीला आल्यापासून जाणं नाही. परवाच ह्यांना म्हटलं, यंदाही राहिलंच. आणि आज बेल वाजते, दार उघडते, तर माउली दारात! मला तर रडूच आलं."

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला तात्याराव लहानपणी बैलगाडीतून जायचे, तेव्हा त्यांच्या गाडीत निम्म्या बायका गावातल्या मराठ्यांच्या आणि माळ्यांच्या असत, नारळ आणि खण घेऊन. त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, की बाई, तुम्ही कुठल्या? पण आत्ता हे आठवायची वेळ नव्हती. सहा वाजता अख्खं धर्मग्राम त्यांच्या घरी येणार होतं.

"वहिनी, आमचे फादर येणार आहेत. पन्नास माणसं येणार. मी आत्ता घेऊन जातो, आणि दसऱ्यानंतर..."

"छे छे! देव बसलेत." सुनीतीबाई पाटाच्या आडव्याच उभ्या राहिल्या. "नवरात्रात बसलेले देव हलवत नाहीत. ओटीसुद्धा भरली मी."

"आमच्यात तसं काही नसतं हो."

"तुमच्यात नसेल. पण बसलीय आमच्यात ना! आमच्या सासूबाईंनी एकदा नवरात्रात रंग द्यायचा म्हणून देव हलवले होते."

"मग?"

"त्याच वर्षी ह्यांची बदली झाली. दिल्लीला." सुनीतीबाईंनी आवाज खाली आणला. "म्हणून तर आम्ही इथं आहोत."

तात्यारावांनी दिव्याकडं पाहिलं, माउलीकडं पाहिलं, आणि पुढं होऊन पेटी उचलावी म्हणून हात लांबही केला. पण सुनीतीबाईंचा चेहरा असा झाला, की त्यांनी तोच हात जोडून नमस्कार केला आणि जिना उतरले.

घरी साधनाताईंनी बटाटेवड्यांचा घाणा काढला होता. परात भरली होती. तात्याराव खुर्चीत बसले आणि सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "संपलं. आता वर्गीस काय म्हणेल ते मी इथूनच ऐकू शकतो. मकासऱ्याच्या घरी माउलीसुद्धा यायला तयार नाही."

साधनाताईंनी झारा खाली ठेवला. "मूर्ती आणता येत नाही?"

"नाही."

"मग माणसं न्या."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? माउली आहे तिथं. तिच्यापुढं प्रार्थना करायची ना? का आपल्या सोफ्यापुढं करायची होती?"

इशिता म्हणाली, "पापा, मम्मी बिल्कुल ठीक बोल रही है." तेवढ्यात साधनाताईंनी परातीवर फडकं टाकलंसुद्धा.

सुनीतीबाईंना विचारलं तेव्हा त्या उलट खूषच झाल्या. "या ना! आज तशाही आमच्या मराठी महिला मंडळाच्या बायका हळदीकुंकवाला येणार आहेत." मग त्यांनी परातीवरचं फडकं उचलून वास घेतला. "लसूण?"

"घातलाय," साधनाताई म्हणाल्या.

"मग वडे जिन्यात ठेवा. आत मी साबुदाण्याचे करते."

सहाला फादर लिओ स्कूटरवरून आले. मंगळूरचे, गोलमटोल, उपदेश छोटा करणारे म्हणून लोकप्रिय. मागोमाग वर्गीस साहेब, फर्नांडिस आणि बाकीची मंडळी. मकासऱ्यांच्या दाराला कुलूप, आणि तात्याराव खाली फाटकापाशी उभे. त्यांनी घडलं ते फादरांना सांगितलं, काही न लपवता. कुंकू तेवढं वगळलं.

फादरांनी विचारलं, "मूर्ति टूटी तो नहीं?"

"नाही, फादर."

"सामने दीया है?"

"अखंड आहे. विझू देत नाहीत."

"नाश्ता?"

"जिन्यात बटाटेवडे, आत साबूदाना वडा."

"फिर प्रॉब्लेम क्या है?"

"फादर!" वर्गीस साहेब पुढं झाले. "हिंदू घर में रोझरी? नियम में कहाँ लिखा है?"

"कहाँ लिखा है कि नहीं? चलिए, तीन मंज़िल है, लिफ़्ट नहीं है. साँस बचाकर रखिए."

तर ती सगळी वरात दोन सेक्टरांमधली तुटकी भिंत ओलांडून चार-एमध्ये गेली. दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेली होती. मंडळाच्या सहा-सात बायका नटूनथटून आधीच बसल्या होत्या. त्यांत सुभेदारांच्या शेवंताबाई होत्या, साताऱ्याकडच्या, नवरा दिल्ली छावणीत. या बाईंनी जन्मभर गावच्या देवळात आरती म्हटलेली आणि आवाजाला माइक कधी लागला नव्हता.

आत शिरताच तात्यारावांच्या लक्षात आलं, की कुंकू. त्यांनी विजेच्या चपळाईनं माणसं बसवायला सुरुवात केली. इतके रविवार सतरंज्या घातल्याचा आज उपयोग झाला. "साहेब, तुम्ही इकडे, खिडकीपाशी, हवा आहे." वर्गीस साहेबांना त्यांनी इतकं कडेला बसवलं, की तिथून कुंकू माउलीच्या खांद्यावरूनही पलीकडं निसटून भिंतीवर गेलं. फादर मात्र थेट समोर बसले. त्यांनी कुंकवाकडं पाहिलं, तात्यारावांकडं पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

प्रार्थना सुरू झाली. तात्याराव गुडघ्यांवर बसले, हातात जपमाळ. "नमो मारिये..." पहिली अर्धी म्हणून ते थांबले.

उत्तर आलं. मल्याळममध्ये, कोकणीत, हिंदीत, जिकडून तिकडून. मराठीत आल्या त्या साधनाताई आणि इशिता, पंख्याच्या आवाजाखाली. वर्गीस साहेबांनी खिडकीपासून तात्यारावांकडं असं पाहिलं, की 'दीवार?' हा शब्द त्यांना म्हणावा लागला नाही.

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही. तात्याराव माउलीकडं न बघता सतरंजीच्या पट्ट्यांकडं बघत पुढचं म्हणत होते. आणि तेवढ्यात वीज गेली.

गाझियाबादेत वीज जाणं ही काही बातमी नव्हे. पण पंखा थांबला, शेजारचा टीव्ही बंद झाला, आणि एकदम एवढी शांतता झाली, की साधनाताईंचा आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. "...आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन." बारीक होता, पण स्वच्छ होता. अखंड दिव्याच्या उजेडात माउलीचा चेहरा हलल्यासारखा वाटत होता.

शेवंताबाईंनी कान दिला. अर्थ कळला. मराठीच तर होतं! पुढच्या खेपेला त्यांनी साधनाताईंच्या मागून शब्द पकडले. त्याच्या पुढच्या खेपेला बरोबरीनं म्हटलं. मग सुनीतीबाई लागल्या, मग त्यांच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. पन्नास वेळा येणारी प्रार्थना ती. आरत्या पाठ असणाऱ्या बायकांना कितीसा वेळ लागणार? पहिली दहाची माळ संपेस्तोवर सगळ्या मंडळाला पाठ झाली होती. दुसऱ्या माळेला शेवंताबाईंनी सूर लावला, आणि मराठीत उरलेली अर्धी अशी उठली, की खालच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यात येऊन "माता का जागरण है क्या जी?" असं विचारून गेलं.

तात्यारावांनी मान वर केली. डोळे पुसावेत तर सगळे बघतील, म्हणून ते तसेच वाहू दिले. अंधाराचा तेवढा फायदा. त्या गडबडीत त्यांचा मण्यांचा हिशेब चुकला आणि त्या माळेत दहाऐवजी अकरा झाल्या. ते फक्त एका माणसाच्या लक्षात आलं. खिडकीपाशी वर्गीस साहेबांनी बोटं वर करून दाखवली, पण दाखवता दाखवता त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी हात खाली घेतला आणि पुढच्या खेपेला मल्याळम सोडून, अडखळत, 'विनंती कर' एवढं तरी मराठीत म्हटलं.

प्रार्थना संपली तेव्हा सुनीतीबाईंनी हळूच विचारलं, "तात्याराव, 'आम्हा पाप्यांसाठी' म्हणायलाच हवं का हो? नवरात्र बसल्यापासून मी चहासुद्धा घेतला नाही."

"फादरांना विचारा," तात्याराव म्हणाले.

फादरांच्या तोंडात साबुदाण्याचा दुसरा वडा होता. त्यांनी हातानंच, चालेल, असं काहीतरी केलं.

शेवंताबाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. "एवढ्यातच संपलं? अजून एक माळ करू या की! आमचा आवाज आत्ता कुठं तापलाय."

उरलेली मंडळी जिन्यात बसून बटाटेवडे खात होती. वर्गीस साहेब चौथा वडा उचलत तात्यारावांना म्हणाले, "मकासरे, ये लहसुन ठीक है. लेकिन आपके लोग बहुत ज़ोर से बोलते हैं."

'आपके लोग' म्हणजे नक्की कोण, हे तात्यारावांनी त्यांना समजावलं नाही.

पुढचा आठवडाभर मकासरे कुटुंब रोज संध्याकाळी टिपणिसांकडं जाऊन जपमाळ म्हणत होतं. मंगळवारी अविनाश टिपणीस टूरवरून परतले. घरात घट, माउली आणि गुडघ्यांवर बसलेलं अनोळखी कुटुंब पाहून ते बॅग घेऊन उलट्या पावली जिन्यापर्यंत गेले, पाटी वाचली आणि परत आले. शेवंताबाई एकही दिवस चुकल्या नाहीत. इशिताला 'उदरी' म्हणजे काय ते त्यांनी समजावलं, तेही अभिनय करून.

दसऱ्याला घट उठले, सोनं वाटून झालं, आणि गॅरेजातून आलेली वर्गीस साहेबांची मारुती खाली येऊन उभी राहिली. मूर्ती त्यांच्या मेव्हण्याकडं जायची होती. सुनीतीबाईंनी डोळे पुसत माउलीला निरोप दिला, तात्यारावांनी पेटी स्वतः खाली नेली, गाडीत ठेवली, गाडी गेली. सगळे हात हलवत होते.

घरी आल्यावर साधनाताई म्हणाल्या, "अहो, आपल्याकडं आलीच नाही की ती."

तात्याराव मटकन सोफ्यावर बसले. खरंच की! एवढ्या गडबडीत, एवढ्या आनंदात, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा आठवडा होऊन गेला होता, आणि माउलीनं त्यांच्या उंबऱ्याला पाऊल लावलं नव्हतं.

रविवारी मिस्सा संपताना फादर लिओंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मकासरे परिवार का एक हफ़्ता इस धर्मग्राम पर बाक़ी है. वो हम ज़रूर देंगे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

देणार तर होतेच. पण वसाहतीत त्याच सुमाराला टॉवर उठायला लागले. पहिला उठला, त्यात सात कॅथलिक घरं आली. नव्या लोकांचं स्वागत आधी करायचं, असा मंडळात ठराव झाला. ती सात संपता संपता दुसरा टॉवर उठला. तात्यारावांचा नंबर एक पाऊल पुढं यायचा आणि बिल्डर त्याला दोन मजले मागं न्यायचा. फादर लिओंची बदली झाली. नव्या फादरनी विचारलं, "कौन सा हफ़्ता?"

तेव्हा वर्गीस साहेब उभे राहिले. "बाक़ी है, फादर. मैं गवाह हूँ. मैं वहाँ था." आणि त्यांनी सगळी हकीगत सांगितली, अकराव्या मण्यासकट. पुढं फादर बदलला, की ती हकीगत सांगायचं काम त्यांचंच होऊन बसलं. दरवेळी तिच्यात शेवंताबाईंचा आवाज थोडा वाढायचा.

आता दर रविवारी सतरंज्या घालायला वर्गीस साहेबही वेळेआधी येतात. वाकवत नाही, म्हणून नुसते एक टोक धरतात. परवा ते टोक धरून म्हणाले, "मकासरे, मुझे शर्म आती है. इतने साल हो गए. इस महीने मीटिंग में मैं झगड़ा करूँगा. आपका हफ़्ता दिलवाऊँगा."

तात्यारावांनी सतरंजीचं दुसरं टोक झटकलं.

"घाई काय आहे, साहेब?" ते म्हणाले. "तुमच्याकडं माझं आठवडाभराचं येणं आहे, म्हणून तर तुम्ही रोज नमस्कार करता. राहू द्या अजून थोडं."